वळकटी, वाट आणि वाटेवरची माणसं

"एक वर्ष ऑस्ट्रेलियात फिरणार. पाठीवर एक पिशवी. पैसे संपले की मिळेल ते काम. आणि सोबत? वाटेत भेटतील ती माणसं."

असा बेत मुलाने किंवा मुलीने जाहीर केला की घरात काय होतं, ते गेल्या दोन वर्षांत मी नात्यातल्या आणि ओळखीतल्या तीन-चार घरांतून ऐकलं आहे. वडील विचारतात, "म्हणजे चांगली लागलेली नोकरी सोडणार?" आई विचारते, "सोबत कोण आहे पण?" आणि आजोबा म्हणतात, "फळंच तोडायची तर आपल्या बागेत ये की. इथे आंबे उतरवायला माणूस मिळत नाही!"

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. विचारणाऱ्यांना जुनाट ठरवून मोकळी होणाऱ्यांपैकी मी नाही. पण उत्तरं न शोधताच "काही नको" म्हणून विषय मिटवतात, ते मात्र मला पटत नाही. यंदा आमच्याच घरातल्या एका मुलीचं नाव सोडतीत निघालं आणि मला फोनवर फोन सुरू झाले. "तू तिकडे हिंडून आलीस, तूच सांग." प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. निम्मे नातेवाईक हे वाचतातच. उरलेल्यांना त्यांची मुलं वाचून दाखवतील.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी ताटकळायला नको. जाऊ द्यावं. का, आणि कोणत्या अटींवर, ते आता सांगते.

आधी ही योजना काय आहे ते. (सवय जात नाही हो, आधी व्याख्या, मग स्पष्टीकरण!) ऑस्ट्रेलियाने १९७५ साली ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडातल्या तरुणांसाठी 'वर्किंग हॉलिडे' नावाचा व्हिसा सुरू केला. कल्पना साधी. वर्षभर या, देश बघा, खर्चापुरतं काम करा, परत जा. १९८० मध्ये जपान त्यात आला, पुढे कोरिया, जर्मनी, फ्रान्स, तैवान अशी यादी वाढत गेली. आपण त्या यादीत नव्हतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये भारत आणि ऑस्ट्रेलियाचा व्यापार करार झाला, त्यात हे ठरलं, आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून आपल्या मुलांनाही 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा मिळू लागला. वय १८ ते ३०. बारावीनंतरचं किमान दोन वर्षांचं शिक्षण. कामापुरतं इंग्रजी. खात्यावर ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे अंदाजे तीन लाख रुपये, आणि परतीच्या तिकिटाची सोय. जागा अख्ख्या भारताला मिळून वर्षाला १,०००. आय.आय.टी.च्या जागासुद्धा याच्या कितीतरी पट आहेत! म्हणून सोडत. पहिली सोडत २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये झाली.

दोन गोष्टी इथेच स्पष्ट केलेल्या बऱ्या. या व्हिसावर एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही, कारण हा व्हिसा मुळात फिरण्याचा आहे, नोकरी दुय्यम. आणि हा तिथे कायमचं स्थायिक होण्याचा चोरदरवाजा नाही. तसा हेतू मनात असेल तर जाऊ नये. ना धड फिरणं होईल, ना धड स्थायिक होणं.

आता, पाठीवर पिशवी टाकून काम करत हिंडणं हे काही आजच्या पोरांचं खूळ नाही. ऑस्ट्रेलियात 'स्वॅग' नावाची एक वस्तू असते. कॅनव्हासची गुंडाळी, आत पातळ गादी. रात्री उलगडायची, सकाळी गुंडाळून पट्ट्याने आवळायची. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तोंडातून शब्द निघाला, "अरे, ही तर वळकटी!" एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, मंदीच्या दिवसांत, अशी वळकटी खांद्यावर टाकून या मळ्यातून त्या मळ्यात मेंढ्यांची लोकर कातरायला, कुंपणं घालायला हिंडणाऱ्या मजुरांना तिथे 'स्वॅगमन' म्हणत. 'मटिल्डा' हे त्या वळकटीचंच एक नाव. बँजो पॅटरसनने १८९५ साली अशाच एका भटक्यावर लिहिलेलं 'वॉल्टझिंग मटिल्डा' हे गाणं आज त्या देशाचं जवळजवळ दुसरं राष्ट्रगीत आहे. काम शोधत हिंडणाऱ्या गरीब माणसाचं गाणं अख्खा देश अभिमानाने म्हणतो, हे मला आवडलं.

आणि त्या वाळवंटातल्या वाटा पाडणाऱ्यांत आपल्या बाजूची माणसंही होती. १८६० साली बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी कराचीहून उंट आणि उंटवाले नेले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, हे इतिहास शिकवणाऱ्यांच्या लक्षात येईल. पुढे बलुचिस्तान, सरहद्द प्रांत, पंजाब, सिंध, राजस्थान अशा भागांतून शेकडो उंटवाले गेले. तिथल्या लोकांनी सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हटलं. ॲडलेडहून डार्विनला जाणाऱ्या आगगाडीचं नाव 'द घान' आहे ते त्यांच्यावरूनच.

आपल्याकडेही दाखला आहे. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली घरचं कर्ज फेडण्यासाठी, यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडले. 'माझा प्रवास' वाचताना मला नेहमी वाटतं, भटजी म्हणजे काम करत हिंडणारा आपला स्वॅगमनच! वाटेत ओळखी झाल्या, त्या माणसांनी आसरा दिला, म्हणून ते जगले. वारकऱ्यांचं तर सांगायलाच नको. तेव्हा "आपल्यात असं करत नाहीत" हे काही खरं नव्हे.

आता आईच्या प्रश्नाकडे येते, कारण माझ्या मते तोच मुख्य आहे. सोबत कोण?

२०१८ साली मी मुलाकडे मेलबर्नला गेले होते. चौतीस वर्षं मी भूगोल शिकवला. फळ्यावर ऑस्ट्रेलियाचा नकाशा काढून "मध्ये वाळवंट, कडेला शहरं" असं किती तुकड्यांना सांगितलं असेल! ते मधलं वाळवंट बघायचंच म्हणून ॲडलेडहून बसने कूबर पिडी, तिथून ॲलिस स्प्रिंग्ज आणि पुढे उलुरू असा तीन आठवड्यांचा प्रवास केला. मुलगा नाराज होता, सून मात्र माझ्या बाजूने. राहिले ती हॉस्टेलांत. सहा-आठ जणांची खोली, एकावर एक पलंग (मला खालचाच द्यायचे, पोरं गुणी होती), सामाईक न्हाणीघर आणि सामाईक स्वयंपाकघर.

अंतराची कल्पना यावी म्हणून सांगते. भारताच्या दुपटीहून मोठा देश आणि वस्ती पावणेतीन कोटींच्या आसपास. ॲडलेड ते कूबर पिडी साडेआठशे किलोमीटर. ते गाव १९१५ साली चौदा वर्षांच्या एका मुलाला तिथे ओपल सापडला म्हणून वसलं, आणि उन्हाळा इतका कडक की अनेक लोक जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतात. तिथून ॲलिस स्प्रिंग्ज आणखी जवळपास सातशे. मध्ये पेट्रोल पंप, त्याला चिकटलेलं खानावळवजा दुकान, आणि पुन्हा शे-दोनशे किलोमीटर काही नाही. पन्नास मीटरहून लांब, तीन-तीन चार-चार डबे जोडलेले ट्रक अंगावरून जातात तेव्हा आपली बस हलते.

अशा ठिकाणी माणूस एकटा राहूच शकत नाही. तिथली मैत्री ही निव्वळ हौस नसते, गरज असते, हे मला तिथे उमजलं. गाडी भाड्याने घ्यायची तर चार जणांत घ्यावी लागते, नाहीतर परवडत नाही. पाणी किती घेतलं, पुढचा पंप किती लांब, संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात तेव्हा गाडी कुणी चालवायची नाही, या चौकश्या जीव वाचवणाऱ्या असतात. हॉस्टेलच्या फळ्यावर चिठ्ठ्या लावलेल्या असत. "डार्विनला निघालो आहोत, एक जागा आहे, पेट्रोल वाटून." स्वयंपाकघरात एक फळी असे. निघून जाणारा आपलं उरलेलं मीठ, तांदूळ, तेल तिथे ठेवून जाई, येणारा घेई. कुणी कुणाचे आभार मानायचे? देणारा तर गावातून गेलेला!

मी त्या फळीवरच्या तांदळाची आणि दुकानातल्या मसूर डाळीची खिचडी केली. एका कोरियन मुलाने ती स्वतःच्या किमचीबरोबर खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः कांदा चिरायला येऊन बसला. जर्मनीची एक नर्स होती, तैवानची एक बँकेतली मुलगी, आयर्लंडचा एक सुतार. माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमातलं. ऑस्ट्रेलियन माणूस 'टुडे'ला 'टुडाय' म्हणाला की माझी पंचाईत. पण त्या जर्मन आणि तैवानी मुलींशी माझं छान जमलं, कारण इंग्रजी आम्हा तिघींचंही उसनंच. सगळ्याच हळू आणि सोपं बोलायचो. इंग्रजीच्या भीतीने मागे राहणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. आपण नवीन माणूस भेटला की आधी आडनाव विचारतो. मग गाव, मग "तुमच्यातले अमुक तमुक कोण लागतात?" अर्ध्या मिनिटात समोरच्याला कप्प्यात टाकलेलं असतं. तिथे पहिला प्रश्न "कुठून आलीस?" म्हणजे मागचा मुक्काम कुठला, आणि दुसरा "पुढे कुठे?" माझं वय, नवरा, मुलाचा पगार कुणीही विचारलं नाही. आपण परदेशी जातो तेही आपल्याच माणसांचा घोळका घेऊन, आपलाच आचारी घेऊन. त्यात वाईट काही नाही, म्हाताऱ्या माणसांना तेच बरं. पण पंचविशीतल्या मुलीने जग पाहून परत यावं आणि तिची ओळख फक्त ठाण्याच्या आणि डोंबिवलीच्या चार कुटुंबांशी झालेली असावी, हे काही ठीक नाही.

उलुरूची गोष्ट सांगते. तीन दिवसांची सहल, आम्ही सोळा जण, रात्री उघड्यावर वळकट्या पसरून झोपायचं. तो अवाढव्य तांबडा खडक तिथल्या अनंगू लोकांना पवित्र. त्यावर चढायला तेव्हा बंदी नव्हती, पण "कृपया चढू नका" अशी त्यांची विनंती पायथ्याशी लिहिलेली होती. आमच्यातला एक फ्रेंच मुलगा चढण्यासाठीच इतक्या लांब आला होता. रात्री शेकोटीभोवती वाद रंगला. तैवानी मुलगी एवढंच म्हणाली, "आपण त्यांच्या घरी आलो आहोत." सकाळी तो आमच्याबरोबर खडकाला दहा किलोमीटरची फेरी मारायला आला. मी त्याला 'प्रदक्षिणा' हा शब्द शिकवला, तो त्याला शेवटपर्यंत नीट म्हणता आला नाही. पुढच्याच वर्षी, २६ ऑक्टोबर २०१९ रोजी, चढण कायमची बंद झाली. २६ ऑक्टोबर १९८५ ला ती जमीन अनंगूंना परत मिळाली होती, म्हणून तो दिवस निवडला. मुद्दा असा की नियम येण्याआधी एका परक्या मुलीच्या एका वाक्याने त्या मुलाचा विचार बदलला. घरी राहून, आपल्यासारखंच मत असणाऱ्यांत बसून, हे घडलं नसतं.

पण सगळं असं गोड नसतं, आणि ते लपवून ठेवून परवानगी मागणं मला मान्य नाही. वडीलधाऱ्यांची भीती खोटी नाही. १९८९ ते १९९२ या काळात सिडनीजवळ सात तरुण प्रवाशांचे खून झाले. त्यांतले बरेच रस्त्यावर गाड्यांना हात दाखवून प्रवास करणारे होते. २३ जून २००० रोजी क्वीन्सलंडमधल्या चिल्डर्स या गावी, फळं तोडायला आलेल्या मुलांच्या हॉस्टेलला एका माणसाने आग लावली. धुराची सूचना देणारी यंत्रणा चालत नव्हती. पंधरा मुलं गेली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये होम हिल या गावच्या हॉस्टेलात एका ब्रिटिश मुलीवर चाकूहल्ला झाला. तिला वाचवायला धावलेला मुलगाही गेला. त्यांची ओळख जुनी नव्हती, तिथेच झालेली. वाटेत भेटलेला मित्र म्हणजे वरवरचा, असं कुणी म्हटलं की मला त्या मुलाची आठवण येते.

त्या मुलीच्या आईने पुढे जे केलं तेही सांगायला हवं. मुलगी शेतावर ८८ दिवस भरायला तिथे गेली होती. २००५ पासून नियम असा की ग्रामीण भागात ठरलेलं काम तीन महिने, म्हणजे ८८ दिवस, केलं तर दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मिळतो. (ब्रिटिश नागरिकांना ही अट जुलै २०२४ पासून उरलेली नाही. आपल्याला आहे.) या ८८ दिवसांपायी मुलं वाईट मालकाकडेही निमूट राबतात, कारण मालकाने कागद दिले नाहीत तर दिवस बुडतात. त्या आईने गप्प न बसता या शेतमजुरीतल्या गैरप्रकारांविरुद्ध मोहीम चालवली, पुस्तक लिहिलं. माझ्या त्या जर्मन मैत्रिणीलाही उत्तरेकडच्या एका मळ्यावर हेच भोगावं लागलं होतं. राहण्याचं भाडं आगाऊ कापून घ्यायचे, पण आठवड्यात काम दोनच दिवस. तिला सोडवलं कुणी? तर तिथे भेटलेल्या दोन मुलींनी. तिघींनी मिळून जुनी गाडी घेतली आणि एका पहाटे निघून आल्या.

कायदे आता थोडे बरे झाले आहेत. एप्रिल २०२२ पासून फळांच्या टोपल्यांवर मजुरी ठरवली तरी तासाच्या किमान वेतनाची हमी द्यावी लागते. १ जुलै २०२५ ला तिथलं किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर ठरलं, आणि रोजंदारीवर असाल तर त्यावर साधारण चौथा हिस्सा जास्त. या व्हिसावाल्यांकडून पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर कापतात, हेही मुलांनी हिशोबात धरावं. तक्रारीला 'फेअर वर्क ओम्बड्समन' नावाचं सरकारी कार्यालय आहे. कायदा आहे म्हणून फसवणूक थांबली असं मी म्हणणार नाही. पण कायदा माहीत असलेली मुलगी आणि नसलेली मुलगी यांत फार फरक पडतो.

आता आजोबांचा प्रश्न. आपल्याच बागेत का नको?

कारण आपल्या बागेत तो मजूर नसतो, मालकाचा नातू असतो! दोन पेट्या भरेल, मग कुणीतरी सरबत आणून देईल. आमच्या रत्नागिरी-देवगडकडे आंब्याच्या बागांत नेपाळी गडी राबतात. त्यांची नावं बागायतदारांच्या किती मुलांना ठाऊक आहेत? दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बीडकडून बैलगाड्या आणि ट्रक भरभरून ऊसतोडीची माणसं पश्चिम महाराष्ट्रात येतात. वळकट्या त्यांच्याकडेही असतात. पण त्यांच्या हिंडण्याला कुणी 'अनुभव' म्हणत नाही, आणि त्यांची मुलं माझ्यासारख्या शिक्षकांच्या हजेरीपटावरून सहा महिने गायब असत, हे मी स्वतः पाहिलं आहे. आपल्या घरातल्या पदवीधर मुलीने एकदा तरी उन्हात, ठेकेदाराच्या ओरडण्याखाली, तासावर पैसे मोजून काम करावं. आडनावाचा आणि पदवीचा आधार नसताना. म्हणजे परत आल्यावर तिला उसाच्या ट्रॉलीवर बसलेली तिच्याच वयाची बाई नीट दिसेल. माझ्या 'हो' म्हणण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे. समुद्र, खडक, कांगारू हे सगळं नंतर.

हां, आणि तुलना करताना हेही विसरू नये की तिच्या खात्यावर तीन लाख आहेत आणि खिशात परतीचं तिकीट. ऊसतोडीच्या बाईकडे मुकादमाची उचल आहे. दोन्ही वळकट्या सारख्या नव्हेत. हे कळलं तरी वर्ष सार्थकी लागलं.

वडिलांचा प्रश्न, नोकरीचा. माझं उत्तर थोडक्यात. सत्तावीस वर्षांच्या मुलीपुढे नोकरीची तीसेक वर्षं पडली आहेत. त्यांतलं एक गेलं तर मोठंसं बिघडत नाही. पण तिशी उलटली की हा व्हिसा संपला. मागचे अनुभव बघा. टोनी आणि मॉरीन व्हीलर हे जोडपं लंडनहून जमिनीच्या वाटेने हिंडत १९७२ च्या शेवटी ऑस्ट्रेलियात पोचलं तेव्हा दोघांत मिळून २७ सेंट उरले होते. 'लोनली प्लॅनेट' पुस्तकं त्यातूनच सुरू झाली. रॉबिन डेव्हिडसन १९५० सालची, म्हणजे माझ्याच वयाची. १९७७ मध्ये चार उंट आणि एक कुत्रा घेऊन ती ॲलिस स्प्रिंग्जहून पश्चिमेच्या समुद्रापर्यंत सुमारे २,७०० किलोमीटर चालत गेली. उंट हाकायला तिला त्या जुन्या 'अफगाण' उंटवाल्यांच्या वंशातल्या एकाने शिकवलं, आणि मधल्या वाळवंटात एक आदिवासी म्हातारा आपणहून तिच्या सोबतीला चालला. एकटी निघाली म्हणतात, पण ती तरी कुठे एकटी होती? प्रत्येकीने असं पुस्तकात जाण्याजोगं काही करावं असं नाही. वर्षभर हिंडून परत येऊन पुन्हा नोकरी धरली, तरी हरकत नाही. लग्नाचं म्हणाल, तर असं एक वर्ष पाहून जो मुलगा नकार देईल, तो आधीच कळलेला बरा.

राहिला एक आक्षेप, जो माझ्या एका मैत्रिणीने घेतला. "ही कसली मैत्री? चार दिवस एकत्र, मग कोण कुठे!" पाण्यावर दोन ओंडके जवळ येतात, लाट त्यांना वेगळं करते, ही आपल्याकडची जुनी उपमा. आपण ती बहुतेक दुःखाच्या प्रसंगी सांगतो. हॉस्टेलातली मुलं ती जगतात, आणि रडत नाहीत. उद्या निघायचं आहे हे माहीत असल्यामुळे आजचा कांदा मन लावून चिरतात. माझ्या त्या सोळा जणांपैकी आज फक्त जर्मन नर्सची पत्रं येतात, तीही नाताळला. बाकीच्यांचं काय झालं मला ठाऊक नाही. म्हणून ती शेकोटी खोटी ठरत नाही. चौतीस वर्षांत माझ्या वर्गातून मुलांच्या किती तुकड्या गेल्या. सगळी कुठे भेटतात? तरी ते नातं होतंच की.

एक उणीव मात्र सांगते. ही मुलं एकमेकांशी मैत्री करतात, पण ज्यांच्या भूमीवर हिंडतात त्या मूळ रहिवाशांशी त्यांचा संबंध फारसा येत नाही. ॲलिस स्प्रिंग्जच्या रस्त्यावर दोन जगं एकमेकांना न बघता चालताना मी पाहिली. तसंच आपली मुलं तिथे गेल्यावर आपल्याच मुलांच्या खोलीत राहून, आपल्याच वाटपाच्या नोकऱ्या धरून वर्ष घालवतात, असंही होऊ शकतं. मग कशाला जायचं?

म्हणून घरातल्या त्या मुलीसाठी माझ्या अटी. एक, पहिले दोन महिने आपल्या भाषेच्या मुलींत राहायचं नाही. दोन, रस्त्यावर हात दाखवून अनोळखी गाडीत एकटीने बसायचं नाही. तीन, पासपोर्ट कुणाकडे ठेवायला द्यायचा नाही, आणि प्रत्येक पगाराची चिठ्ठी जपून ठेवायची. चार, वाळवंटात गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. पाच, कुठे जाते आहे ते एका माणसाला रोज कळवायचं. तो माणूस घरचाच हवा असं नाही. सहा, मालक वाईट निघाला तर ८८ दिवसांची पर्वा न करता निघायचं. दुसरं वर्ष मिळालं नाही तर नाही.

आणि तिच्या आईवडिलांसाठी एकच. रोज व्हिडिओ कॉल करून "जेवलीस का, कुणाबरोबर आहेस" विचारत बसू नका. आठवड्यातून एकदा बोला, आणि बोलाल तेव्हा नोकरीचं आणि लग्नाचं काढू नका. तिला त्या फळीवरच्या तांदळाबद्दल विचारा.

खर्चाला काही कमी पडत असेल तर माझ्या पेन्शनमधून थोडं देईन. तिने ते परत करायला हवं, मात्र स्वतःच्या मजुरीतून. तुमचं वेगळं मत असेल तर जरूर लिहा, पण कारणासकट.